बापाची टोपी, पोराचे डोके

गेल्या पावसाळ्यात घाटकोपरला एका मित्राच्या घरी आम्ही पाच-सहा जणांनी ‘ब्रिक’ पाहिला. चित्रपट संपला तेव्हा काही वेळ पंख्याचाच आवाज होता. मग आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांची सारी हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली, कप बशीत ठेवत म्हणाले, “बापाची टोपी घालून पोर आरशासमोर उभे राहिले आहे. गोंडस दिसते. पण टोपी कानांवर येते त्याचे काय?” सगळे हसले. मीही हसलो. मुलुंडला उतरेपर्यंत मात्र ते हसू टिकले नाही.

हे मत सरांच्या एकट्याचे असते तर चहाबरोबर संपले असते. पण थोड्याफार फरकाने ते सर्वत्र ऐकू येते, आणि चित्रपटावर प्रेम करणाऱ्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकू येते. म्हणून त्याची दखल घेणे भाग आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रायन जॉन्सन या दिग्दर्शकाचा हा पहिला चित्रपट. २००५च्या सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला आणि दृष्टीच्या नावीन्यासाठी त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत ब्रेंडन नावाचा मुलगा आहे. त्याला सोडून गेलेली मैत्रीण एमिली एक दिवस घाबऱ्याघुबऱ्या फोन करते, मदत मागते. दोन दिवसांनी पावसाळी पाण्याच्या बोगद्यापाशी तिचे प्रेत सापडते. ब्रेंडन पोलिसांकडे जात नाही. प्रेत लपवतो आणि स्वतः शोध घेऊ लागतो. वाट अमली पदार्थ विकणाऱ्या टोळीपर्यंत जाते. टोळीही शाळकरी, खबरीही शाळकरी, आणि जिच्यावर विश्वास ठेवावा की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही ती मोहिनीही शाळकरीच.

आता पूर्वपक्ष मांडतो. तो दुबळा करून मांडणार नाही. दुबळ्या पुतळ्याला पाडण्यात पुरुषार्थ नसतो. सरांचे म्हणणे असे: न्वार, म्हणजे काळोखी गुन्हेकथा, हा प्रौढांचा प्रकार आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेली पिढी, १९२० ते १९३३ची अमेरिकेतली दारूबंदी, विकले गेलेले पोलीस, पैशाने सडलेली शहरे, या चिखलातून तो उगवला. त्याचा नायक एकदा सगळे हरून बसलेला असतो आणि त्याच्या बोलण्यातला कोरडेपणा त्या हरण्याची किंमत असते. सतरा वर्षांच्या पोराने काय हरवलेले असते? फार तर कंपासपेटी. शिवाय ब्रेंडन आणि त्याचे सोबती ज्या भाषेत बोलतात ती कुठल्याच शाळेत कुणी बोलत नाही. ती डॅशिएल हॅमेटच्या कादंबऱ्यांतून उसनी आणली आहे. आणि शेवटचा मुद्दा, जो माझ्या मते सरांच्या खऱ्या जिव्हाळ्याचा: आपल्याकडे पोरवयीन शोधकाची परंपरा आहे, पण ती उजेडाची आहे. ती फास्टर फेणेची आहे. त्याला २०१७च्या चित्रपटाने खून आणि घोटाळ्याच्या अंधारात ओढले, ही त्या परंपरेशी प्रतारणा झाली. मराठी मातीत हे रोप लागणार नाही आणि लावूही नये.

मांडणी भक्कम आहे. तिच्यातला एक भाग मला मान्यही आहे. कोणता, ते ओघात येईल.

प्रथम नावाकडे पाहू, कारण पुष्कळसा घोटाळा नावापासून सुरू होतो. न्वार म्हटले की डोळ्यांपुढे येते ती कृष्णधवल पडद्यावरची तिरपी सावली, खिडकीच्या पट्ट्या, पाऊस, सिगारेट आणि हॅट. पण या चित्रपटांना हे नाव दिले कोणी? हॉलिवूडने नव्हे. १९४५मध्ये पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने ‘सेरी न्वार’, म्हणजे काळी मालिका, या नावाने गुन्हेकथांची पुस्तके काढायला सुरुवात केली. आणि पुढच्या वर्षी निनो फ्रँक या समीक्षकाने अमेरिकेतून आलेल्या काही चित्रपटांना हेच विशेषण लावले. म्हणजे हा काळा रंग दिव्यांच्या मांडणीचा नव्हता, गोष्टींचा होता. गुन्हा कोणी केला यापेक्षा गुन्ह्याच्या वाऱ्यात उभी असलेली माणसे कशी आहेत, याकडे त्या गोष्टींचे लक्ष होते. मग ‘ब्रिक’मध्ये कॅलिफोर्नियाचे लख्ख ऊन आहे, पटांगण आहे, हॅट कुणाच्याच डोक्यावर नाही, हा त्याचा दोष कसा? मला तर उलट दिसते. हॅट काढून घेतली की खाली डोके आहे की नाही ते कळते. जॉन्सनने हॅट काढून घेतली. सरांच्या उपमेत टोपी आहे. चित्रपटात ती नाहीच.

आता हरण्याचा मुद्दा. सतरा वर्षांच्या मुलाने काय हरवलेले असते, हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतःचे सतरावे वर्ष विसरलेला असतो. त्या वयात हरवते ते प्रथमच हरवते, म्हणून त्याला तुलना नसते. प्रौढ माणसाला विश्वासघाताची सवय झालेली असते. पहिल्या विश्वासघाताला ती सोय नाही. ‘ब्रिक’मधला टोळीप्रमुख वयाने फार मोठा असल्याची वदंता शाळेत असते, आणि ‘फार मोठा’ म्हणजे किती? सव्वीस वर्षांचा! प्रेक्षागृहात इथे हशा येतो. पण हशा ओसरल्यावर विचार करावा. ज्या जगात सव्वीस म्हणजे म्हातारपण, त्या जगात सतराव्या वर्षी थकवा येणे अशक्य आहे का?

आणि सतराव्या वर्षाचे गांभीर्य मराठी माणसाला कॅलिफोर्नियातून आयात करावे लागावे, हे तर नवलच. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तेव्हा अनंत कान्हेरे सतरा वर्षांचा होता. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ठाणे म्हणजे माझ्या मुलुंडच्या पुढचे स्टेशन. कान्हेऱ्याचे कृत्य आणि ब्रेंडनची शोधाशोध यांत काडीचेही साम्य नाही, हे मला ठाऊक आहे. कृपया कोणी तशी तुलना माझ्या माथी मारू नये. सांगायचे इतकेच, की त्या वयाला जीवनमरणाचा हिशेब पेलत नाही असे म्हणण्याचा अधिकार निदान मध्य रेल्वेवरच्या माणसाला नाही.

भाषेचा आक्षेप वरवर सर्वांत बळकट दिसतो. खरेच, असे कोण बोलते? पण हाच प्रश्न हॅमेटला का विचारू नये? हॅमेट पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेला माणूस. गुन्हेगारांची बोली त्याला चांगली ठाऊक होती. तरी त्याच्या पानावरची भाषा रस्त्यावरून जशीच्या तशी उचललेली नाही. ती तासून, टोक काढून घेतलेली आहे. तिच्यातल्या एका शब्दाची कथा तर सरांनी आवर्जून ऐकावी. ‘माल्टीज फाल्कन’ या कादंबरीत हॅमेटने एका तरुण गुंडासाठी ‘गन्सेल’ असा शब्द वापरला. संपादकांनी त्यात ‘गन’ पाहिली आणि बंदूकवाला असा अर्थ लावून तो छापू दिला. मुळात भटक्यांच्या बोलीत त्याचा अर्थ निराळाच होता: थोराने आश्रयाला ठेवलेला पोरगा, आणि तो आश्रय निर्मळ नव्हे. पुढच्या लेखकांनी संपादकांचाच अर्थ खरा धरला आणि अमेरिकन गुन्हेकथेत ‘गन्सेल’ म्हणजे बंदूकवाला हेच रूढ झाले. ज्या भाषेच्या अस्सलपणाची ग्वाही देत आपण ‘ब्रिक’ला नकली ठरवतो, ती भाषा अशी गैरसमजातून वाढलेली आहे. आणि त्या शब्दामागे कोण उभा होता, हेही लक्षात घ्यावे. एक पोरगाच.

त्याहून महत्त्वाचे असे की गुप्त बोली ही मुळात पोरांचीच गरज आहे. मोठ्यांना कळू नये म्हणून शाळेत ‘च’ची भाषा बोलली नाही असा मराठी माणूस दाखवा. आणि उपनगरातल्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयाबाहेरच्या वडापावच्या गाडीपाशी दहा मिनिटे उभे राहा. सुमडीत, कल्टी, राडा, वट, टीप, खबरी: हे शब्द पोलीस ठाण्यात आणि कॉलेजच्या कट्ट्यावर सारख्याच सफाईने चालतात. कोणी कोणाकडून घेतले ते भाषाशास्त्रज्ञ ठरवोत. एकमेकांपासून ते फार लांब नाहीत, एवढे मला कळते. हजेरीला मित्राच्या नावाने ‘यस सर’ म्हणणे याला आपण ‘प्रॉक्सी’ म्हणतो आणि हसतो. मित्राच्या जागी परीक्षेला बसणाऱ्याला वर्तमानपत्रे ‘डमी’ म्हणतात आणि त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. या दोन शब्दांच्या मधल्या गल्लीत न्वार राहते.

इथून आपल्या भूमीवर येतो, कारण खरी लढाई इथेच आहे.

‘मराठी मातीत हे रोप लागणार नाही’ असे म्हणणाऱ्यांनी आधी माती पाहिली आहे का? अमेरिकेतले हायस्कूल नववी ते बारावी. म्हणजे ब्रेंडन आपल्याकडे असता तर अकरावी-बारावीत असता, आणि अंधेरी-बोरिवली-मुलुंड-घाटकोपरमधली अकरावी-बारावी म्हणजे काय, हे या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. प्रवेश एका ठिकाणी, शिक्षण दुसऱ्या ठिकाणी. कॉलेज कागदावर, क्लास प्रत्यक्षात. ‘इंटिग्रेटेड’ या गोंडस नावाने दोघांचे लग्न लावले गेले आणि वर्ग इतके ओस पडले, की जून २०१८मध्ये राज्य शासनाला मुंबईसह काही विभागांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. विचार करा. सोळा वर्षांचे मूल जिथे असल्याचे आई-वडील समजतात, तिथे ते खरोखर आहे का, हे ठरवायला सरकारला बोटाचा ठसा लागतो! बोटांचे ठसे गुप्तहेरकथेत केव्हा येतात, हे मी सरांना सांगण्याची गरज नाही.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दहावीच्या प्रश्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर फुटल्याचे प्रकरण अंधेरीच्या आंबोली पोलीस ठाण्यात गेले. मार्च २०२२मध्ये बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतला भाग एका विद्यार्थिनीच्या मोबाइलवर आढळला. विलेपार्ले पोलिसांनी मालाडच्या एका खाजगी क्लासच्या शिक्षकाला अटक केली. नावे मी घेत नाही, खटल्यांचा निवाडा हा माझा विषय नाही. पण या दोन बातम्यांची रचना पाहा. एक मूल, त्याच्या हातात एक वस्तू जी तिथे असायला नको, आणि ती वस्तू कुठून आली याचा माग काढत गेले की दुसऱ्या टोकाला विश्वासातला प्रौढ. ‘ब्रिक’मध्ये त्या वस्तूला वीट म्हणतात आणि ती हेरॉइनची असते. इथे ती प्रश्नपत्रिका आहे. कथेचा सांगाडा तोच.

अशा गोष्टीत पालक कुठे असतात, हा उपप्रश्नही इथेच निकालात निघतो. आई-वडील दोघेही सकाळच्या लोकलला गेलेले, रात्री आठला परतणारे. किल्ली शेजारच्या काकूंकडे, जेवण झाकून ठेवलेले. मधल्या बारा तासांत मुलाचे एक आख्खे राज्य असते. ‘ब्रिक’मधल्या ज्या प्रसंगावर आमच्या मंडळीत सर्वांत मोठा हशा झाला तो आठवा. तळघरात टोळीप्रमुखाचा अड्डा. ब्रेंडनला तिथे मार खावा लागतो. आणि वर स्वयंपाकघरात त्या टोळीप्रमुखाची आई मुलाच्या मित्रांना प्रेमाने फळांचा रस देते आहे. “बघा, शेवटी पोरखेळच!” असे एकजण म्हणाले. माझ्या मते चित्रपटातले सर्वांत भयंकर दृश्य तेच आहे. वरच्या मजल्यावरचे प्रेम खोटे नाही आणि खालच्या मजल्यावरचे रक्तही खोटे नाही. मधला जिना मात्र कोणी उतरत नाही. आपल्याकडे तळघरे नसतात. बंद दारे असतात. दारावर टकटक करून आई पोह्यांची बशी बाहेर ठेवते आणि ‘अभ्यास चाललाय’ असे शेजारणीला हळू आवाजात सांगते.

अंधेरीनेच याचा एक पुरावा पडद्यावरही दिला आहे, आणि तो गुन्हेपट नाही म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. अमोल गुप्ते यांचा २०११चा ‘स्टॅन्ली का डब्बा’. अंधेरीच्या होली फॅमिली शाळेत, मुलांच्या शनिवारच्या कार्यशाळांमधून, हातात धरायच्या साध्या कॅमेऱ्यावर तो चित्रित झाला. एक मुलगा डबा का आणत नाही, एवढेच त्यातले रहस्य. तो सफाईने खोटे बोलतो, गोष्टी रचतो, वर्गमित्र त्याला झाकून घेतात. आणि मुलांच्या डब्यांवर टपलेला शिक्षक त्याचा पाठलाग करतो. शेवटी कळते की पोराला आई-वडील नाहीत आणि रात्री तो एका खाणावळीत राबतो. खोटे बोलणारा साक्षीदार, त्याला झाकणारी टोळी, सत्तेचा गैरवापर करणारा अधिकारी, आणि शेवटी उघडे पडलेले सत्य, ज्याने कोणाचाच विजय होत नाही. हे सर्व भाजी-पोळीच्या वासात. याला बालपट म्हणा, माझी हरकत नाही. पण काळोख शाळेत शिरत नाही असे यापुढे म्हणू नका.

राहता राहिला बनेश, म्हणजेच फास्टर फेणे. इथे मला जपून बोलायचे आहे, कारण इथे सरांचे आणि माझे दैवत एकच आहे.

भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा हा पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, ‘ट्टॉक्’ करतो आणि संकटात उडी घेतो. ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’ हे नावच सांगते की त्या जगात गुन्हा होता. मग नव्हते काय? अविश्वास नव्हता. चोर बाहेरून येई आणि पकडला की जग पूर्ववत होई. मोठी माणसे चुकत, पण विकली जात नसत. म्हणून भागवतांचे लेखन न्वार नाही, हे सरांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य. तसे ते असायलाही नको होते.

परंतु त्यावरून २०१७चा चित्रपट चुकला असे कसे ठरते? आदित्य सरपोतदार यांचे दिग्दर्शन, क्षितिज पटवर्धन यांचे लेखन, बनेशच्या भूमिकेत अमेय वाघ. वैद्यकीय प्रवेश परीक्षेला आलेल्या बनेशला केंद्रावर एक मुलगा भेटतो. थोड्याच वेळात त्याच्या मृत्यूची बातमी येते, सगळे आत्महत्या म्हणतात, बनेश मानत नाही, आणि शोध परीक्षेच्या घोटाळ्यापाशी पोचतो. ‘ब्रिक’शी हे किती जवळचे आहे ते वाचकांनीच पाहावे. भागवतांच्या काळात पोरांचे साहस जंगलात, किल्ल्यावर, विमानतळावर होते. आज बारावीच्या मुलाचे जंगल प्रवेश परीक्षा हेच आहे. बनेशला तिथे नेणे ही प्रतारणा नव्हे. ती निष्ठा आहे.

माझी तक्रार नेमकी उलटी आहे. चित्रपट अंधारात गेला ही चूक नाही. पुरेसा गेला नाही ही चूक. गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा अंगावर काटा आणतो, पण तो बाहेरचा राक्षस आहे. बनेशच्या हाताला डाग लागत नाही. आणि दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले प्रेमळ भा. रा. भागवत त्याला आपल्या घरी आसरा देतात! कल्पना मोहक आहे, मलाही सुखावून गेली. पण ज्या गोष्टीत लेखकच नायकाच्या डोक्यावर हात ठेवून उभा आहे, तिथे नायकाला एकटेपण येणार कसे? ब्रेंडनला असा हात नाही. तो मैत्रिणीच्या मारेकऱ्यांना शोधताना एकाला दुसऱ्यावर घालतो आणि त्यातून आणखी जीव जातात. त्याच्या शोधाची किंमत इतरांनीही मोजलेली असते. शेवटी पटांगणावर त्याला जे सत्य कळते ते मी इथे फोडत नाही. ते कळल्यावर त्याने काय जिंकले, हे मात्र ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

म्हणजे वाद असा उरतो. सर म्हणतात, पोराला टोपी मोठी होते. मी म्हणतो, टोपी त्याच्याच मापाची होती. आपण ती फार दिवस बापाच्या खुंटीवर टांगून ठेवली. दोन्ही बाजू वाचकांपुढे आहेत.

एक विनंती मात्र आहे, आणि ती बोरिवली-मुलुंडच्या ज्या मुलामुलींच्या हातात आज कॅमेरा आहे त्यांना. ‘ब्रिक’ सुमारे साडेचार लाख डॉलरांत झाला. हॉलिवूडच्या मानाने चिल्लर. बोगदा तुम्हांला शोधावा लागणार नाही. राष्ट्रीय उद्यानातून निघालेल्या दहिसर आणि पोयसर नद्यांचे आपण नाले करून ठेवलेच आहेत. आणि जॉन्सनने चित्रीकरण केले ती शाळा सॅन क्लेमेन्टेतली, त्याची स्वतःची होती. तुमच्या शाळेची किल्ली शिपाईकाकांकडे असते. मे महिन्यात मागून पाहा.